ज्या टाकीत काठी जात नाही

आमच्या कंपनीत दरवर्षी मेडिकल कॅम्प भरतो. डॉक्टरांनी काशिनाथमामांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस केलं आणि म्हणाले, "छान आहे हो प्रेशर." मामा खुर्चीवरून उठेनात. "छान म्हंजे किती?" डॉक्टरांनी आकडा सांगितला. मामांनी दुसरा हात पुढे केला. "आता याचं बगा." दुसऱ्या हाताचा आकडा थोडा वेगळा आला. झालं! मामा रांगेतल्या आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बगितलंत? एकाच मानसाचे दोन हात, नि दोन भाव." सगळे हसले. मी मात्र वैतागले, कारण माझा नंबर त्यांच्या मागे होता आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी ॲडमिनला आहे. काशिनाथ तामोरे हे आमच्या स्टाफच्या गाडीचे ड्रायव्हर. राहणार घिवलीचे. सकाळी कंपनीतून गाडी काढायची, पालघरला माहीम रोडवर माझ्या दारात यायचं, मला घेऊन बोईसरला परत, तिथे गेस्ट हाऊसवरून आमचे खन्नासाहेब, आणि मग कंपनी. दिवसभर बँक, सरकारी ऑफिसं, बेटेगावचं गोदाम, साहेबांचे पाहुणे आले तर केळव्याचं रिसॉर्ट. संध्याकाळी पुन्हा मला घरी सोडायचं. आठ वर्षं मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. इतकी वर्षं नवऱ्याबरोबरसुद्धा मी रोज सलग एवढा वेळ बसलेली नाही.

संशय हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. किराणावाल्याच्या काट्यावर आधी बोट ठेवून तो हलतो का बघणार. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापलंय म्हटलं की "छापलंय त्यानंच ना?" असं विचारणार. कंपनीच्या गेटवरचं घड्याळ, मोबाईलवरचं हवामान, माझ्या पर्समधली छोटी छत्री, कशालाच सोडलं नाही. "काटा कोनाचा हाय ते पयलं इचारा, मंग काटा काय सांगतो ते बगा," हे त्यांचं नेहमीचं. मला पहिल्या वर्षी याचा इतका राग यायचा, की मी एकदा म्हटलंच, "मामा, सूर्य उगवला का हे तरी दुसऱ्याला विचारून घ्या." तर म्हणतात, "सूर्याला कोनी काटा बसवला नाय अजून."

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांचा संशय कधी पाठीमागे नसायचा. जे काय असेल ते समोरच्याच्या तोंडावर. पंपावर गेले की खाली उतरणार, मशीनसमोर उभे राहणार आणि त्या पंपवाल्याला सांगणार, "बाबा, तुझ्यावर माझा इस्वास नाय. झिरो दाव." तो दाखवायचा. मग नोजल आत गेलं की मामा गाडीला बाजूने तीन धक्के द्यायचे, आतली हवा निघावी म्हणून. टक् करून नोजल बंद झालं की परत धक्के, परत थोडं. मागे चार गाड्या भोंगे वाजवत असायच्या. मी मेली लाजेने मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसायची. गंमत म्हणजे त्या पंपवाल्याचा मामांवर भारी जीव. "तोंडावर तरी बोलतात," म्हणायचा.

हे सगळं आलं कुठून, ते एकदा बेटेगावच्या गोदामाबाहेर थांबलो असताना त्यांनी सांगितलं. गाडी चालवायला लागायच्या आधी ते थोरल्या भावाच्या मासेमारीच्या बोटीवर होते, इंजिन त्यांच्याकडे. बोटीच्या टाकीला काटा नसायचा. बांबूची एक काठी, तिच्यावर खुणा कापलेल्या. काठी टाकीत सोडायची, वर काढायची, डिझेल कुठवर लागलंय बघायचं आणि मगच बोट सोडायची. एकदा घाई होती. भाऊ म्हणाला, "भरलीय टाकी." मामांनी काठी घातली नाही. टाकी अर्धीच होती. परतीला इंजिन बंद पडलं आणि दीड दिवस ते चौघे पाण्यावर तरंगत राहिले. दुसऱ्या एका बोटीने ओढून आणलं.

"भावाला शिव्या घातल्या असतील तुम्ही," मी म्हटलं.

"त्याला कशाला? तो इसरला. काठी माज्या हातात होती ना! मी इचारलं नाय. दरियात पंप हाय काय?"

तर अशा माणसाच्या हातात आमच्या कंपनीने नवी गाडी दिली. डिझेल, मोठी, उंच, आणि गिअरच्या बाजूला एक गोल बटण. ते फिरवलं की इको, नॉर्मल, स्पोर्ट. इको लावला की समोरच्या पडद्यावर हिरवं पान उगवायचं आणि त्याच्या शेजारी ॲव्हरेजचा आकडा. शोरूमच्या पोराने, म्हणजे चांगला टाय लावलेल्या माणसाने, मामांना अर्धा तास समजावलं की इकोमध्ये गाडी डिझेल वाचवते, कागदावर अठराचं ॲव्हरेज आहे. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकीत काठी कुटून जाते?"

"काठी?"

"काठी हो. डिझेल बगायला."

तो माणूस म्हणाला की आतमध्ये जाळी असते, काहीच जात नाही, पडद्यावर सगळं दिसतं. मामा माझ्याकडे वळले. "ज्या टाकीत काठी जात नाय, तिचा भरवसा कसा धरायचा, मॅडम?" मी म्हटलं, "धरा हो आता. जग कुठल्या कुठे गेलं."

खन्नासाहेबांनी लगेच नोटीस काढली. गाडी कायम इकोमध्येच चालवायची. ती नोटीस टाइप करून काचेच्या आतल्या बाजूला मीच चिकटवली. मामा पहिल्या आठवड्यातच कुरकुरायला लागले. एक तर गाडी बंद करून चालू केली की बटण आपोआप नॉर्मलवर यायचं, ते दर वेळी फिरवायला लागायचं. दुसरं, इकोत गाडी सुस्तावते. बोईसरच्या गर्दीत, थांबत थांबत जाताना ठीक, पण उमरोळीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ओव्हरटेक करायचा तर पाय जास्त दाबावा लागायचा. "पाय दाबला तर वाचलं काय? एका हातानं वाचवायचं नि दुसऱ्या पायानं उडवायचं." आणि तिसरं म्हणजे एसी. "इको लावला की एसी बी उपास धरतो," मामा म्हणायचे. साहेबांना दुपारी घाम फुटला की ते मागून ओरडायचे, "तामोरे, ये क्या पंखा है? कूलिंग बढ़ाओ!" नोटीस कोणी काढली होती हे त्या वेळी कोणाच्या लक्षात नसायचं.

मामा त्या हिरव्या पानाकडे असं बघायचे, जसं आपण फुकट सॅम्पल वाटणाऱ्याकडे बघतो. "हे पान गाडीवाल्यानंच लावलंय ना? मंग ते हिरवंच दिसनार." मी हसायचे. पण एक दिवस लॉगबुक जुळवताना माझं हसू गेलं. पडद्यावर ॲव्हरेज सोळा-सतरा दाखवत होतं. भरलेलं डिझेल आणि धावलेले किलोमीटर मांडले, तर बारा.

महिना झाला, दोन झाले. बाराच. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, अठारह की गाड़ी बारह क्यों देती है? बीच का डीज़ल कौन पीता है?" मी म्हटलं, "मला काय माहीत." ते म्हणाले, "आप रोज़ बैठती हैं. ज़रा आँख रखिए."

नजर ठेवा म्हणाले, आणि मी ठेवली! याचंच मला आजही वाईट वाटतं. मी सरळ म्हणू शकले असते, साहेब, तुम्हीच विचारा त्यांना. नाही म्हटलं. उलट मला जरा महत्त्व आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. एकदा डोळ्याला संशयाचा चष्मा लागला की सगळंच वाकडं दिसतं. मामा पंपावर खाली उतरून एवढा वेळ काय बोलतात? गाडीला धक्के कशाला देतात? दुपारी जेवायला गाडी झाडामागे का लावतात? ज्या सवयींवर मी सात वर्षं हसत आले होते, त्याच आता मला चोराच्या वाटायला लागल्या. मनात म्हटलं, जो सगळ्यांवर संशय घेतो तोच आतून तसला असतो. असली म्हण कुठे नाहीये, पण मला तेव्हा ती असावीशी वाटली.

आणि एक दिवस डिकी उघडली. बेटेगावहून फायलींचा खोका आणला होता, तो काढायला मी वाकले, मामाही वाकले. स्टेपनीच्या शेजारी गोणपाटाखाली ॲल्युमिनियमचा एक जुना कॅन होता, पोचे पडलेला, साधारण पाच लिटरचा. डिझेलचा भपकारा आला. मामांनी गोणपाट नीट केलं. खोका घेऊन मी वर गेले आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. "डिकीत कॅन आहे, डिझेलचा वास येतोय." एवढंच. एकच वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला सोडून बँकेला निघालेल्या मामांना गेटवर थांबवलं. सिक्युरिटीने सगळ्यांसमोर डिकी उघडून कॅन बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. शिफ्ट बदलत होती, कामगार थांबून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "अरे, चाचा तो बड़ा खिलाड़ी निकला." मामांच्या रिटायरमेंटला वर्षभर राहिलं होतं. आता चोर म्हणून काढलं, तर घिवलीत कुठल्या तोंडाने फिरणार? त्यांची मुलगी तिथल्याच शाळेत शिक्षिका. मी जिन्यात उभी राहून बघत होते.

मामा मात्र शांत. "हा कॅन बोटीवरचा हाय. माप पक्कं हाय याचं. एकटा पंपावर गेलो की पयले पाच लिटर यात घेतो, मापतो, नि मंग टाकीत ओततो. पंपवाल्याला इचारा."

"तो पहले क्यों नहीं बताया?" साहेब म्हणाले.

"कोनी इचारलंच नाय," मामा म्हणाले.

साहेबांनी पंपावर माणूस पाठवला. पंपवाल्याने हसत हसत सगळं कबूल केलं. पण साहेबांचं समाधान होईना, कारण बारा ते बाराच. तेव्हा मामांनी स्वतःच सांगितलं, "माज्यावर इस्वास ठेवू नका. मोजा. चार दीस मोजा. मॅडमना बसवा गाडीत."

बसवलं मला. देवाची करणी बघा, साक्षीदार म्हणून मीच! रोज सकाळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर, ऊन चढायच्या आत टाकी काठोकाठ भरायची. मग टाकीच्या झाकणावर मी कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर सही करायची. पहिल्या दिवशी मी घाईत कशीतरी सही ओढली. मामा म्हणाले, "नीट सही करा. उद्या मीच म्हनंन सही तुमची नाय म्हनून." त्यांना स्वतःलाही सूट नको होती.

पहिल्या दिवशी इको, दुसऱ्या दिवशी नॉर्मल, तिसऱ्या दिवशी स्पोर्ट. रस्ता तोच, पालघर ते बोईसर ते कंपनी आणि परत, तितक्याच फेऱ्या, एसी एकाच आकड्यावर, मध्ये कुठे थांबायचं नाही. संध्याकाळी पट्टी तपासायची, टाकी परत भरायची, किती डिझेल मावलं ते लिहायचं. इको आणि नॉर्मल यांच्यात फरक आला तो अर्ध्या किलोमीटरचा, तोही बोईसरच्या गर्दीमुळे असेल असं मामांचं मत. दोन्ही सोळाच्या आसपास. स्पोर्टला चौदा. गाडी नुसती डरकाळ्या फोडत होती आणि मामा चेहरा असा करून चालवत होते, जसं कोणी त्यांना लग्नात नाचायला लावलंय.

"म्हंजे बटनानं काय होतं? दोन घास कमी, दोन घास जास्त," मामा म्हणाले. "आख्खं ताट कुटं जातं ते उद्या बगू."

चौथा दिवस नेहमीच्या ड्युटीचा. इको लावून, नोटिशीप्रमाणे. फक्त मामा शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढून अधूनमधून काहीतरी टिपत होते. संध्याकाळी पट्टी शाबूत, सही माझी, आणि ॲव्हरेज बारा! मग गेलं कुठे?

मामांनी साहेबांसमोर डायरी उघडून ठेवली. पेन्सिलने लिहिलं होतं. गेस्ट हाऊस, एक तास दहा मिनिटं. बँक, चाळीस मिनिटं. कंपनीचं गेट, पाऊण तास. भाजी बाजार, पंचवीस मिनिटं. खाली एकच ओळ: गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू.

गेस्ट हाऊसच्या दारात गाडीत बसून फोनवर बोलत राहायचे ते खन्नासाहेब. खोलीत नेटवर्क येत नाही म्हणून गाडीत, आणि उकडतं म्हणून एसी. आणि भाजी बाजार? भाजी बाजार मी! बँकेचं काम कंपनीचं होतं, पण तिथेही, "मामा, एसी चालू राहू दे, मी पाच मिनिटांत आले," हे माझंच वाक्य. सात वर्षं रोजचं. पाच मिनिटं म्हणून आत गेलेली बाई कधी पाच मिनिटांत बाहेर येते का? गाडी उभी राहून डिझेल पीत होती, किलोमीटर शून्य, पडद्यावरचा आकडा फक्त चालत्या गाडीचा धरलेला, आणि ते हिरवं पान मजेत हिरवं. हिरवं पान बघून नोटीस काढणारे आम्ही शहाणे आणि चोर कोण तर मामा!

साहेबांनी डायरी मिटली. "ठीक है." सॉरी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी नवी नोटीस: थांबल्यावर इंजिन बंद करावे. ती पण मीच टाइप केली.

मी मामांना बाजूला घेऊन विचारलं, "डायरीत नावं का नाही लिहिलीत?"

"गाडी उभी व्हती, हे गाडीचं बोलनं," मामा म्हणाले. "आत कोन बसलं व्हतं, ही चुगली."

मला एकदम कानफटात बसल्यासारखं झालं. पण कॅनचं मीच सांगितलं, हे तेव्हाही कबूल केलं नाही. आता सांगू, मग सांगू, योग्य वेळ बघून सांगू, असं मी मनाला समजावलं. अशी वेळ कधी येत नसते, हे मला पन्नाशीत तरी कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी माझ्या दारात गाडी थांबली. रोज मी उतरायचे, ते निघून जायचे. त्या दिवशी ते खाली उतरले, मागे गेले आणि डिकी उघडून बाजूला उभे राहिले.

"बगून घ्या."

"मामा, हे काय?"

"बगून घ्या म्हनतो."

स्टेपनी, पाण्याची बाटली, पुसायचं फडकं. मी बघितलं. त्यांनी डिकी लावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. धो धो पावसात छत्री धरून तेच. शेजारच्या राऊतकाकू म्हणाल्या, "काय गं, रोज काय आणून देतात तुला?" मी म्हटलं, "काही नाही." चिडचिड व्हायची माझी. एकदा म्हटलं, "मामा, पुरे आता, माझा तुमच्यावर विश्वास आहे." तर डिकी उघडीच. एकदा मी मुद्दाम मान वळवून न बघताच आत जायला निघाले, तर ते उभेच राहिले, डिकी वर करून, मी परत येईपर्यंत. एक वर्ष. सुट्ट्या सोडून रोज. कंपनीत सगळे त्यांना पुन्हा मामा म्हणायला लागले होते, साहेब स्वतःहून चहा द्यायचे, गेटवर 'खिलाड़ी' म्हणणारा तो माणूसही विसरला होता. माझ्या दारात मात्र रोज ती डिकी उघडायची, आणि तिच्यासमोर उभं राहून मी रोज थोडी थोडी खाली मान घालायला शिकले.

त्यांचा शेवटचा दिवस आला. कंपनीने नारळ, शाल दिली, साहेब हिंदीत चार शब्द बोलले. नवीन ड्रायव्हर उद्यापासून रुजू होणार होता. संध्याकाळी मामांनी मला शेवटचं सोडलं. इंजिन बंद केलं, उतरले, मागे गेले, डिकी उघडली.

"बगून घ्या."

मी आत बघितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "मामा, कॅनचं साहेबांना मी सांगितलं होतं."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. डिकीत वाकून दोगांनीच बगितलं व्हतं. तुमी नि मी."

मला रडू यायला लागलं. रस्त्यावर, राऊतकाकू खिडकीत उभ्या असताना. "मग एवढं वर्षभर मला विचारलं का नाहीत? तुम्ही तर सगळ्यांना तोंडावर विचारता."

"रोज तर इचारत व्हतो," मामा म्हणाले. "डिकी उगडून रोज इचारत व्हतो. तुमी आज बोललात."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. ते रागावलेले दिसत नव्हते, निवळलेलेही दिसत नव्हते. खांद्यावरची शाल त्यांनी काढून सीटवर टाकली.

"उद्यापासून तो नवीन मानूस येल," ते म्हणाले. "पोराबाळांचा हाय. त्याचा काय संशय आला तर त्यालाच इचारा. साहेबाला नको."

मी मान हलवली. त्यांनी डिकी लावली, नीट लागली का ते हाताने दोनदा दाबून बघितलं, आणि गेले.